झाकणावरचा नंबर

जळत होते मी. उगाच 'जरा खटकलं', 'थोडं वाईट वाटलं' असले सभ्य शब्द कशाला वापरू? ती आमच्या लॅबमध्ये आली त्या दिवसापासून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. हे मी आजवर कुणापाशी कबूल केलेलं नाही, नवऱ्यापाशीसुद्धा नाही.

सोलापुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या विषाणू लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काम करतेय. रक्ताचे नमुने घ्यायचे, सिरम वेगळं काढायचं, त्यात डेंग्यू आहे का बघायचं आणि उरलेलं सिरम छोट्या नळ्यांत भरून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवायचं. आमच्याकडं डेंग्यूला तोटा नाही. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, मग घरोघरी बॅरल भरलेले, हौद भरलेले, आणि झाकण ठेवा म्हणून कितीही ओरडा, निम्म्यांवर नसतंच. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या खिडकीशी उभं राहायला जागा नसते.

त्या फ्रीझरला लॅबमध्ये सगळे 'मॅडमचा फ्रीझर' म्हणतात. मॅडम म्हणजे मी. कोणत्या डब्यात कोणाची नळी आहे ते मला रजिस्टर न उघडता सांगता येतं. कारण प्रत्येक रोग्याचा फॉर्म मी स्वतः भरून घेते, आणि फॉर्म भरताना मी दोन प्रश्न जास्तच विचारते. कुठं राहता, कुठं गेला होता, घरात अजून कोण आजारी आहे, कामधंदा काय. लोक वैतागतात. वैतागू देत.

माझा एक नियम आहे. नळीवर नंबर दोनदा लिहायचा, एकदा झाकणावर आणि एकदा अंगावर. झाकणावरचा नंबर फक्त शोधण्यासाठी. डब्यात नळ्या उभ्या असतात, वरून झाकणंच दिसतात, म्हणून. पण नळी हातात घेतली की अंगावरचाच नंबर वाचायचा, बर्फ अंगठ्यानं पुसून. झाकण काय, फिरवलं की निघतं, कुठल्याही नळीवर बसतं. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. तो मी घालून दिला आणि नव्या येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दरडावून सांगितला. तिला तेवढा सांगितला नाही.

तर ती. साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, खूप खटपट करून जीनोम वाचायचं मशीन मिळवलं. मशीन म्हणजे केवढं, तर स्टेपलरएवढं. लॅपटॉपला जोडायचं. डेंग्यूच्या विषाणूत जवळजवळ पावणेअकरा हजार अक्षरांची एक ओळ असते, अक्षरं मात्र चारच, तीच उलटसुलट. ती ओळ हे मशीन वाचून काढतं. मग एका रोग्याची ओळ दुसऱ्याच्या ओळीशी ताडून बघायची, कुठं कुठं अक्षर बदललंय ते शोधायचं, आणि त्यावरून कोण कुणाचा जवळचा, कोण लांबचा, याचं झाड काढायचं. डास सांगत नाही कुठून आणलं ते, पण ही ओळ सांगते. मशीन येणार कळलं तेव्हा मला वाटलं, आता आपल्या फ्रीझरचं सोनं झालं. एकोणीस वर्षं जे जपून ठेवलं ते आता वाचायला मिळणार.

वाचायला आली ती. बार्शीची मुलगी, पुण्यात डॉक्टरेट केलेली, वय तिशीच्या आत-बाहेर. साहेबांनी ओळख करून दिली, "या आता आपल्याकडं डेंग्यूचा जीनोम वाचणार." आणि मग माझ्याकडं हात करून, "या मॅडम तुम्हाला नमुने काढून देतील."

काढून देतील! म्हणजे मी किराणा दुकानात पुड्या बांधायला बसलेय की काय?

ती मला पहिल्या दिवसापासून 'ताई' म्हणायला लागली. लॅबमध्ये मला कुणी ताई म्हणत नाही. मी तिला मुद्दाम अहो-जाहो करायचे, म्हणजे तिला कळावं की अंतर किती आहे. ती आपली हसून म्हणायची, "अहो ताई, तू म्हणा की. मी केवढी, तुम्ही केवढ्या." केवढ्या म्हणजे काय? तेही मला झोंबायचं. आणि वाईट हे की तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. वेळेवर यायची. काम झाल्यावर टेबल स्वतः पुसायची. डब्यात आणलेलं सगळ्यांना वाढून मग स्वतः घ्यायची. एकदा तिनं आणलेली बाजरीची खिचडी मी नको नको म्हणत खाल्ली आणि चांगली झालीय हे कळून माझं डोकं आणखी फिरलं. माणसानं काहीतरी तरी वाईट करावं ना.

बाहेरून पाहुणे यायचे ते थेट तिच्या खोलीत. मशीन बघायचे, फोटो काढायचे. माझ्या फ्रीझरसमोरून चालत जायचे, एकानं तर एकदा त्याच्यावर आपली बॅग ठेवली. साहेब जेवताना तिच्या विनोदांवर हसायचे. एकोणीस वर्षांत मी काय कमी विनोद केले असतील? साहेबांचा चेहरा कधी हललेला मला आठवत नाही.

घरी नवरा म्हणाला, "तुझ्या पोटात दुखतंय."

"माझ्या कशाला दुखेल? तिचं ती, माझं मी."

"मग रोज जेवताना तिचाच विषय का निघतो?"

मी त्याच्या ताटात भाकरी आदळली आणि बोलणं संपवलं.

पण मी नुसती जळत बसले नाही. रविवारी दुपारी जेवणं उरकली की मुलीचा लॅपटॉप घ्यायचा, आतल्या खोलीत बसायचं आणि शिकायचं. व्हिडिओ बघून, लोकांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या डेंग्यूच्या ओळी उतरवून घेऊन, मी झाडं काढायला शिकले. पहिल्यांदा काहीच कळेना. फांद्यांचा नुसता गुंता. दोन-तीन रविवार तर मी चिडून लॅपटॉप आपटायच्या बेतात होते. मग हळूहळू डोळे बसले. एका गावातले, एका वर्षातले विषाणू कसे एका घोसात येतात, बाहेरून आलेला कसा बाजूला उभा राहतो, फांदी लांब म्हणजे काय, आखूड म्हणजे काय, हे सगळं मला यायला लागलं. आणि सांगू का, लई आनंद झाला. पण सांगितलं कुणालाच नाही. कारण साहेबांनी जाहीर केलं होतं की दिवाळीपर्यंत मशीनवर दुसरा माणूस तयार करायचा आहे. ती जागा मला हवी होती. एकोणीस वर्षं दुसऱ्यांसाठी रक्त राखून ठेवलं, एकदा तरी आपण स्वतः त्यात काय लिहिलंय ते वाचावं एवढंच मला हवं होतं. तिच्याकडं मागून नको होतं. साहेबांनी तोंडात बोट घालावं आणि म्हणावं, अरे, मॅडमना तर हे आधीच येतं, असं हवं होतं.

त्या पावसाळ्यातले चोवीस नमुने तिनं वाचायला घेतले. मी डबे काढून दिले. एका दुपारी मी तिच्या टेबलामागून जाताना बघितलं, तिनं दोन नळ्या एकदम उघडल्या होत्या आणि दोन्ही झाकणं टिश्यू पेपरवर शेजारी शेजारी उपडी ठेवली होती. दुसरं कुणी असतं तर मी तिथंच पूर्ण लॅबला ऐकू जाईल असं ओरडले असते. एका वेळी एक नळी, एक झाकण, एवढं कळत नाही का? तोंडात शब्द आले होते. मी ते गिळले आणि पुढं गेले. पुण्यात शिकलीय ना, तिथं नळीच्या बुडालाच छापील खूण असते, मशीन वाचतं, झाकणाची अदलाबदल झाली तरी फरक पडत नाही. इथं पडतो. शिकेल आपलं आपण, असं मी मनात म्हटलं. खरं तर मला आतून बरं वाटलं होतं.

दहा-बारा दिवसांनी ती झाडाची प्रिंट घेऊन माझ्याकडं आली. चेहरा नुसता फुललेला. "ताई, साहेबांच्या आधी तुम्हाला दाखवते. नमुने तुमचे आहेत."

मी चष्मा लावला. तेवीस नमुने एका घोसात, सगळे आपले सोलापूरचे, एकमेकांचे सख्खे. आणि एक बाजूला, लांब, तामिळनाडूकडच्या ओळींना चिकटून. त्याच्यावर नंबर होता एका आजीचा. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहणारी, दिवसभर विड्या वळणारी, तेलुगू बोलणारी आजी. तिचा फॉर्म मी भरला होता. कुठं गेला होता विचारल्यावर ती हसली होती, कारण गुडघ्यांमुळं ती चार महिन्यांत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा गेली नव्हती. आणि तिच्या शेजारची नळी होती एका ट्रक ड्रायव्हरची. तामिळनाडूतून माल घेऊन येताना त्याला वाटेतच ताप भरला होता. झाडावर तो ड्रायव्हर आपल्या सोलापूरच्या घोसात मजेत बसला होता.

मला एका क्षणात कळलं. उपडी ठेवलेली दोन झाकणं डोळ्यासमोर आली. आजीचं झाकण ड्रायव्हरला, ड्रायव्हरचं आजीला, आणि पुढं तिनं झाकणं वाचून नळ्या उचललेल्या.

ती बोलत होती, "बघा ना ताई, बाहेरचा प्रकार आलाय आणि घराबाहेर न पडलेल्या बाईला झालाय. म्हणजे तो इथं पसरायला लागलाय. आणि हा ड्रायव्हर परत आल्यावर इथंच बाधित झाला असणार. तुम्हाला काय वाटतं? काही चुकतंय का?"

तिनं विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. मी प्रिंट तिच्या हातात परत दिली.

"छान आहे," मी म्हटलं.

माझा बेत पक्का झाला होता. शुक्रवारी साहेबांनी बैठक ठेवली होती, पुण्याहून दोन शास्त्रज्ञ येणार होते, महापालिकेच्या आरोग्य खात्यातले डॉक्टर येणार होते. तिला मांडू द्यायचं. पूर्ण मांडू द्यायचं. आणि मग मी शांतपणे उठून म्हणायचं, साहेब, त्या नळीच्या अंगावरचा नंबर एकदा बघता का? बस्स. मशीनवर दुसरा माणूस कोण, हा प्रश्नच उरणार नव्हता. त्या तीन दिवसांत मी ते वाक्य भांडी घासताना, रिक्षात, जिन्यावर, इतक्यांदा म्हटलं की मला त्याची चव लागली होती. ठेवणीतली साडी काढून इस्त्री केली. नवरा म्हणाला, "कुणाचं लग्न आहे का?"

बैठकीत ती उभी राहिली. पडद्यावर झाड आलं. माझं वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. आणि तिनं पहिलंच काय म्हणावं?

"सुरुवात करण्याआधी सांगते, हे नमुने ताईंनी जपले म्हणून हे काम झालं. आणि हे झाड मी सगळ्यात आधी ताईंना दाखवलंय. त्यांना प्रत्येक रोगी पाठ आहे. त्यांनी बघून ठीक आहे म्हटल्यावरच मी तुमच्यासमोर आणलंय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञ बाईंनी मान झुकवून नमस्कारसुद्धा केला. आता उठून चूक दाखवावी तर पहिला प्रश्न येणार, मग तुम्हाला दाखवलं तेव्हा का नाही बोललात? त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते माणसात सांगण्यासारखं नव्हतं. मी खुर्चीचा हात धरून बसून राहिले. तिनं सगळं मांडलं. टाळ्या झाल्या, त्या मीही वाजवल्या. आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनी आजीचा पत्ता लिहून घेतला.

सोमवारी पथक विडी घरकुलात गेलं. शेजारच्या दहा घरांचं रक्त घेतलं, आजीच्या एका खोलीच्या घरात धूर सोडला, भिजवून ठेवलेली विडीची पानं बाहेर काढायला लावली, घरी पाहुणे कोण कोण आले होते म्हणून तासभर तिला विचारत बसलं. आजीच्या सुनेनं मला फोन केला. फॉर्म भरताना मीच तिला माझा फोन नंबर दिला होता. ती म्हणत होती, मॅडम, सासूबाई तर बऱ्या झाल्यात, मग आता नवीन काय निघालं, शेजारी आमच्या दारात यायला तयार नाहीत. मी म्हटलं, काळजी करू नका, नेहमीची तपासणी आहे. खोटं बोलले. दिवसभर तोंड कडू होतं.

तरीही मी उठून साहेबांकडं गेले नाही. उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी परत उद्या म्हटलं. चूक तिची आहे, मी का जाऊ, असंही म्हटलं.

गुरुवारी ती स्वतःच आली. त्या एका नमुन्याची खात्री करावी म्हणून तिनं मूळ नळी परत काढली होती, आणि बर्फ पुसताना तिला अंगावरचा नंबर दिसला होता. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं आता ही लपवेल. खरं सांगते, मी देवाला म्हटलं, लपव म्हणावं हिला, एकदा तरी माझ्यासारखी वाग म्हणावं. ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, चला ना माझ्याबरोबर साहेबांकडं. मला एकटीला भीती वाटतेय."

साहेबांच्या टेबलावर तिनं दोन्ही नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि सगळं सांगितलं. दोन झाकणं एकदम उघडली, चूक माझी, आरोग्य खात्याला मी आत्ता फोन करते, आजींच्या घरी जाऊन मी माफी मागते. साहेबांचं तोंड लाल झालं होतं. ते तिला बोलायला लागले तशी ती घाईनं म्हणाली, "साहेब, माझी चूक आहेच. पण हे पकडणं सोपं नव्हतं. ताईंच्यासुद्धा लक्षात आलं नाही. त्यांच्या लक्षात आलं नाही म्हणजे कुणाच्याच आलं नसतं."

साहेब माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही झाड बघितलं होतं?"

"हो."

"आजी कोण, ड्रायव्हर कोण, तुम्हाला माहीत होतं. तरी कळलं नाही?"

माझ्यापुढं दोनच रस्ते होते. कळलं होतं म्हणावं, तर मी कसली बाई आहे ते त्या दोघांना कळणार. नाही कळलं म्हणावं, तर ज्या एका गोष्टीचा मला आयुष्यभर माज होता ती माझ्याच हातानं पुसायची. ती माझ्याकडं काळजीनं बघत होती, माझ्यावर बोलणी येऊ नयेत म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "सुटलं माझ्या नजरेतून."

"होतं असं," साहेब म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता, आणि तो मऊपणा मला नको होता. "तुमचाही दोष नाही म्हणा. झाड वाचायची तुम्हाला सवय नाही. मशीनवर मी दुसरं कुणीतरी बघतो, तुम्हाला उगाच ताण नको."

बाहेर आल्यावर जिन्यात तिनं मला थांबवलं. डोळे पुसून म्हणाली, "ताई, माझ्यामुळं तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी शिकवते तुम्हाला. रोज अर्धा तास बसू. नाही येणार असं काही नसतं त्यात."

मला 'नको' म्हणता आलं असतं. मी हो म्हटलं.

आता रोज तीन वाजता मी तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसते. ती पडद्यावर पेनानं दाखवत जाते, अगदी सावकाश, मला कमीपणा वाटू नये अशा बेतानं. "हे बघा ताई, ही फांदी लांब आहे ना, म्हणजे इथं अक्षरं जास्त बदललीत. आणि हा घोस म्हणजे एकाच गावातले. येतंय ना लक्षात?"

मी म्हणते, "येतंय."

"बघा!" ती खूश होऊन म्हणते. "मी साहेबांना सांगितलंय, ताई किती पटकन शिकतात!"

मी मान खाली घालते आणि वहीत लिहून घेते.